निवृत्त फुटबॉलपटूंची श्रीमंती : ‘व्यावसायिक दृष्टी’ नावाची दंतकथा

१/ डेव्हिड बेकहॅम इंटर मायामी क्लबचे सहमालक, गॅरी लिनेकर पॉडकास्ट कंपनीचे सहसंस्थापक. अशी उदाहरणे देऊन ‘शिस्त आणि व्यावसायिक दृष्टी असली की निवृत्तीनंतरही संपत्ती उभी राहते’ हा उपदेश समाजमाध्यमांवर सतत फिरत असतो. इंग्लंडच्या फुटबॉलचा इतिहास पाहिल्यास तो टिकत नाही. #धागा

२/ १९६१ पर्यंत इंग्लंडमध्ये खेळाडूच्या वेतनावर कमाल मर्यादा होती; अखेरीस ती आठवड्याला २० पौंड होती. प्रेक्षागार खच्चून भरो, मर्यादा तीच. ती क्लबमालकांच्या औदार्याने उठली नाही. जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंची संघटना संपाच्या उंबरठ्यावर आली, तेव्हा उठली. त्याच वर्षी फुलहॅमचे जॉनी हेन्स आठवड्याला १०० पौंड मिळवू लागले. आजच्या श्रीमंतीचे पहिले भांडवल हे असे कामगार लढ्याने मिळवलेले आहे.

३/ आता १९६६ चा विश्वविजेता संघ पाहा. रे विल्सन यांनी अंत्यविधी व्यवस्थेचा व्यवसाय पत्करला. अंतिम सामन्यात तीन गोल करणारे जेफ हर्स्ट पुढे विमा विकत होते. जॉर्ज कोहेन यांनी विश्वचषकाचे पदक विकले. २०१० मध्ये नॉबी स्टाइल्स यांनीही कुटुंबाच्या तरतुदीसाठी पदके लिलावात काढली.

४/ आणि कर्णधार बॉबी मूर? त्यांनी व्यवसाय केले नाहीत असे नाही. केले आणि ते बुडाले. माध्यमांतही ते होतेच : लंडनच्या एका रेडिओ केंद्रावर समालोचन करत. १७ फेब्रुवारी १९९३ रोजी त्यांनी इंग्लंडच्या सामन्याचे समालोचन केले आणि आठवडाभरात, वयाच्या ५१ व्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. धंदा आणि माध्यम, उपदेशातील दोन्ही वाटा त्यांनी चोखाळल्या होत्या. मग उणे काय होते?

५/ उणे होता तो काळ. मूर गेले तेव्हा प्रीमियर लीगचा पहिलाच हंगाम चालू होता. १९९२ च्या दूरचित्रवाणी करारांचे मूल्य पाच वर्षांसाठी सुमारे ३०.४ कोटी पौंड होते. त्या पैशाने वेतन वाढवलेच. शिवाय खेळाडूचा चेहरा वर्षभर घराघरांत नेला आणि तो चेहराच विकाऊ माल झाला.

६/ लिनेकर १९९४ मध्ये, नेमक्या या वळणावर, निवृत्त झाले. लगोलग बटाट्याच्या वेफर्सची जाहिरात, १९९९ पासून बीबीसीवरील ‘मॅच ऑफ द डे’ची सूत्रे, आणि कालांतराने वर्षाला १३.५ लाख पौंड मानधन. (इतिहासप्रेमींचा लाडका ‘द रेस्ट इज हिस्टरी’ हा पॉडकास्टही त्यांच्याच कंपनीचा!) त्यांचे कौशल्य नाकारण्याचे कारण नाही. पण या बाजारपेठेची उभारणी त्यांनी केली नव्हती.

७/ बेकहॅम यांचे उदाहरण याहून बोलके आहे. २००७ च्या अमेरिकेतील करारात त्यांना लीगमधील नवा संघ अवघ्या २.५ कोटी डॉलरला घेण्याची मुभा मिळाली. २०१९ मध्ये शार्लटच्या संघासाठी हेच प्रवेशशुल्क ३२.५ कोटी आणि २०२३ मध्ये सॅन दिएगोसाठी ५० कोटी डॉलर झाले. संपत्तीचे बीज निवृत्तीनंतरच्या दूरदृष्टीत नव्हते; खेळत असतानाच प्रसिद्धीच्या बळावर पदरात पाडून घेतलेल्या एका कलमात होते.

८/ ‘मग फ्रान्सिस ली?’ असा आक्षेप येईल. रास्त आहे. त्यांनी टॉयलेट पेपरच्या कारखानदारीत पैसा केला. डेव्ह व्हेलन यांनी बाजारातल्या गाळ्यापासून क्रीडासाहित्याच्या दुकानांची साखळी उभारली. हे खरे उद्योजक. गंमत अशी की प्रेरणादायी यादीत ही नावे क्वचितच दिसतात. तिथे चेहरे हवे असतात, कारखाने नव्हे.

९/ या दंतकथेचा उपद्रव मात्र गंभीर आहे. १९६६ च्या संघातील विल्सन, स्टाइल्स, मार्टिन पीटर्स आणि चार्ल्टन बंधू यांना उतारवयात स्मृतिभ्रंशाने ग्रासले. ग्लासगोच्या २०१९ च्या अभ्यासात माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंचे अशा मेंदूविकारांनी मृत्यू होण्याचे प्रमाण सर्वसामान्यांच्या सुमारे साडेतीनपट आढळले. श्रीमंती हे वैयक्तिक शहाणपणाचे फळ मानले की दारिद्र्यही वैयक्तिक चूक ठरते आणि अब्जावधींच्या लीगला या माणसांच्या शुश्रूषेचा खर्च टाळायला आयती सबब मिळते.