करण्यात येईल

गेले काही दिवस एक क्रियापद डोक्यात घोळतंय. 'करण्यात येईल'. आमच्या बेसा भागात राहणाऱ्याला त्याची वेगळी ओळख करून द्यायला नको. शेतं होती तिथे लेआउट पडले, लेआउटमध्ये घरं उठली, माणसं राहायला आली, आणि नाली, रस्ता, पाणी हे सगळं मागाहून यायचं ठरलं. मग अर्ज. मग अर्जाला उत्तर. माझ्याकडे अशी तीन उत्तरं आहेत. कोणत्या कार्यालयाची ते जाऊ द्या, मजकूर सगळीकडे तोच असतो: सदर प्रकरणी योग्य ती कार्यवाही करण्यात येईल. शेजारचे काका ते वाचून दरवेळी एकच विचारतात, "पण करन कोन?"

यावर शहाणी माणसं म्हणतात, "अहो, ती सरकारी भाषेची लकब आहे, एवढं काय मनावर घ्यायचं?" मला हे मान्य नाही. लकब वगैरे काही नाही. हे वाक्य मुळात आश्वासनच नाही. ते अशा बेताने रचलेलं आहे की ते कधीही खोटं ठरू शकत नाही.

कसं ते बघा. 'मोडल लॉजिक' म्हणून तर्कशास्त्राची एक शाखा आहे. 'आहे', 'असू शकेल', 'असलंच पाहिजे' यांतला फरक सांभाळणं हे तिचं काम. आर्थर प्रायर या न्यूझीलंडच्या तर्कशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात हीच तऱ्हा काळाला लावली: 'होतं', 'होईल', 'नेहमी होईल'. त्यातल्या नुसत्या 'होईल'चा अर्थ 'पुढे कधीतरी होईल' एवढाच. आज झालं नाही? उद्या होईल. दहा वर्षांनी झालं नाही? अकराव्या वर्षी होईल. मुदत नसलेलं भविष्यकाळी वाक्य आज खोटं आहे असं कोणत्याच दिवशी सिद्ध करता येत नाही. तारीख न घालण्यामागचं गणित हे असं सोपं आहे.

आता कर्त्याकडे वळू. नुएल बेलनॅप आणि मायकेल पेर्लोफ या दोघांनी १९८८ साली कृतीची वाक्यं ओळखायची एक कसोटी सुचवली. वाक्य खरोखर कृतीबद्दल असेल तर ते 'अमका असं घडवून आणतो की...' या साच्यात बसवता आलं पाहिजे. बसत नसेल तर ती कृती नव्हे, नुसती घटना. पाऊस पडून रस्ता ओला होतो, तसं. 'नाली बांधण्यात येईल' हे त्या साच्यात घालून पाहा. 'अमका'च्या जागी लिहायला कोणी सापडतच नाही. म्हणजे नाली पावसासारखी येणार. आली तर आली.

हे सगळं परदेशी डोकं चालवणं आहे असं कोणाला वाटत असेल तर आपल्याकडचे मीमांसक आठवा. आज्ञार्थी वाक्याची इतकी चिरफाड जगात फार थोड्यांनी केली असेल. स्वर्गाची इच्छा असणाऱ्याने यज्ञ करावा, हे त्यांचं घासून गुळगुळीत झालेलं उदाहरण. त्यात काय करायचं, कशाने करायचं, कसं करायचं हे प्रश्न तर आहेतच, पण कोणी करायचं याचाही वेगळा विधी आहे, त्याला ते अधिकारविधी म्हणतात. जैमिनीच्या बारा अध्यायांपैकी अख्खा सहावा अध्याय या 'कोणी'वर खर्च झालाय. (त्याच अध्यायात शूद्रांना यज्ञातून वगळलंय. तेव्हा गौरवाचे ढोल वाजवायचं कारण नाही. पण वगळलं तेही नाव घेऊन.) अगाटा चाबात्तोनी, एलिसा फ्रेस्की आणि त्यांचे सहकारी २०१५ पासून याच मीमांसेच्या नियमांना मोडल लॉजिकच्या भाषेत मांडताहेत. आणि आपण मात्र त्या 'कोणी'ची कटकटच काढून टाकलीय.

मराठीची यात काहीच चूक नाही. 'करील' म्हटलं की करणारा समोर येतो. 'करता येईल' म्हणजे मुभा. 'करावं', 'केलं पाहिजे', 'करता कामा नये' यांचं प्रत्येकाचं वजन निराळं आणि ते शाळेतल्या पोरालाही कळतं. एवढी सोय असून त्यातलं सगळ्यात बिनवजनाचं रूप उचलायचं, याला निवड म्हणतात.

यातल्या 'करता येईल'ने विदर्भाचं काय केलं हा तर वेगळाच धडा आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३७१(२) आलं. विदर्भ, मराठवाडा वगैरेंसाठी स्वतंत्र विकास मंडळं, निधीचं न्याय्य वाटप, आणि त्याबद्दल राज्यपालांवर विशेष जबाबदारी. ऐकायला भक्कम. पण मुख्य क्रियापद काय? राष्ट्रपतींना आदेशाने अशी तरतूद 'करता येईल'. मोडल लॉजिकमध्ये 'शक्य' म्हणजे एका तरी संभाव्य जगात खरं. ते जग आपलंच असायला हवं अशी अट नाही. म्हणून ३८ वर्षं कोणी काही केलं नाही तरी कलमातला शब्दही मोडला नाही. दरम्यान १९८३ साली वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून अनुशेष मोजूनही झाला. मंडळं आली ती १९९४ ला, आणि ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली. अनुशेषावर भाषणं करणाऱ्या आमच्या पुढाऱ्यांनी आकड्यांइतकंच लक्ष या एका क्रियापदाकडे दिलं असतं तर बरं झालं असतं.

गंमत बघा, त्याच १९५६ च्या १४ ऑक्टोबरला याच नागपुरात लाखो माणसांनी बाबासाहेबांमागून बावीस प्रतिज्ञा म्हटल्या. मराठीतून म्हटल्या. त्यांचं व्याकरण एकदा नीट पाहा. कर्ता 'मी'. मी हे मानणार नाही, मी ते करणार नाही. 'मानण्यात येणार नाही' असं कोणी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरातले देव कोणी हलवले असते?

यावर एक उत्तर येतं, आणि ते अगदीच टाकाऊ नाही. कार्यालय म्हणजे व्यक्ती नव्हे, आजचा साहेब उद्या बदलून जातो, म्हणून नाव घालत नाहीत. ठीक. नाव नका घालू, पद घाला. पद बदलीवर जात नाही. आणि हे करता येत नाही असंही नाही, कायद्याने करून दाखवलंय. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात 'माहिती देण्यात येईल' एवढ्यावर भागवलेलं नाही. जन माहिती अधिकारी हे पद आहे, ३० दिवस ही मुदत आहे, आणि विनाकारण चुकलं तर त्याच अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार दंड आहे. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्यातही पदनिर्देशित अधिकारी आहे आणि ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. दंड प्रत्यक्षात किती होतो हा रडण्याचा विषय वेगळा. पण दंड लिहिता तरी आला, कारण वाक्यात कर्ता होता. 'करण्यात येईल'ला दंड लावायचा तर पगार कोणाचा कापणार?

तेव्हा तुमच्याकडेही असं उत्तर पडून असेल तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहिती अधिकारात एवढंच विचारा: माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर कोणत्या तारखेला, कोणत्या पदावरच्या अधिकाऱ्याने काय केलं, त्या नोंदींच्या प्रती द्या. 'येणार आहे का' हे विचारू नका. त्याचं उत्तर आधीच आलेलं असतं.