दोघांचीच गोव्याची सहल: हॉटेल कुठलं घ्यावं?

मैत्रिणींनो, मुरबाडच्या एका भगिनीचं पत्र आलंय. लग्नाला पंचवीस वर्षं पूर्ण होतायत. थोरली सासरी, धाकटा पुण्याला शिकायला. भिशीचे पस्तीस हजार नुकतेच हाती आलेत. दोघांनीच चार दिवस गोव्याला जायचं ठरलंय आणि यजमानांना मांडवीतलं कॅसिनोचं जहाज एकदा आतून बघायचंय. ‘हॉटेल मध्यम दराचं हवं, पोरांचा दंगा नको, पैसे उडण्याची भीती वाटते, आणि सासूबाई विचारतात, दोघंच कशाला जाताय?’ असं सगळं एका दमात लिहिलंय. सासूबाईंना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा बाई! बाकीच्याचं उत्तर देते. शहापूरला हळदीकुंकवाला गेले होते तेव्हाही दोघीतिघींनी हेच विचारलं होतं.

आधी आमचीच फजिती सांगते. पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्ही तीन जोडपी होतो. हॉटेल मी निवडलं, कळंगुटला. का, तर फोटोत पोहण्याचा तलाव निळाशार दिसत होता आणि भाडं पणजीपेक्षा थोडं कमी होतं. तलावात दिवसभर पंधरा-वीस मुलांचं टोळकं आणि त्यांचं गाण्याचं यंत्र. पण ते सोडा. कॅसिनो पणजीला, म्हणजे तिथून साधारण पंधरा किलोमीटर. सहाजणांत एकच गाडी. अकराला माझे डोळे मिटायला लागले. आमचे हे म्हणाले, ‘अर्धा तास थांब.’ मग आणखी अर्धा. परक्या गावात, मध्यरात्री, एकटी बाई पंधरा किलोमीटर कशी जाणार? बसून राहिले. निघालो तेव्हा पावणेतीन वाजले होते आणि कपडे धुण्याच्या मशीनसाठी बाजूला ठेवलेले बारा हजार गेले होते. ह्यांना एकट्यांना दोष कसा देऊ? हॉटेल तर मीच पसंत केलं होतं ना!

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं, की तलाव नको, समुद्राचा देखावा नको. कंटाळा आल्यावर तुम्ही एकट्या उठून, आपल्या पायांनी ज्या हॉटेलात परत येऊ शकता, ते हॉटेल घ्या. तुम्ही उठू शकलात की यजमानांनाही उठावंसं वाटतं, हा अनुभव आहे.

आता पणजीची रचना समजून घ्या. गोव्याच्या कायद्याप्रमाणे पत्त्यांची टेबलं आणि चाकाचा खेळ फक्त पाण्यावरच्या जहाजात चालतो. जमिनीवर परवानगी आहे ती यंत्रांवरच्या खेळांना, आणि तीही पंचतारांकित हॉटेलात. १९७६ च्या कायद्यात १९९२ साली दुरुस्ती करून ही वाट मोकळी केली, जहाजांची मुभा त्यानंतर आली. (महाराष्ट्रानेही १९७६ मध्येच कॅसिनोचा कायदा केला होता, तो कधी अंमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्दच झाला.) याचा तुमच्या पिशवीशी संबंध असा, की ‘हॉटेलातच कॅसिनो’ अशी जाहिरात दिसली तर ते पंचतारांकित भाडं आहे हे ओळखा. तीन-चार हजारांच्या खोलीत राहणाऱ्यांना बंदरावर जाऊन छोट्या होडीने जहाजावर जावं लागतं. या होड्या रात्रभर ये-जा करतात, तेव्हा होडीची काळजी नको. काळजी पुढच्या रस्त्याची.

जहाजं उभी असतात ती पणजी शहरासमोरच. त्यामुळे नदीकाठचा रस्ता आणि अठरा जून रस्ता यांच्या मधल्या भागातलं हॉटेल सगळ्यांत सोयीचं. अगदी नदीवरची खोली मात्र मी घेणार नाही. रात्रभर जहाजांचे रंगीत दिवे पडद्यातून खोलीत नाचतात. मागच्या बाजूची खोली मागा, बहुधा स्वस्तही पडते. मिरामारला वारा छान, पण बंदरापासून चालत यायला लांब. फोंतेन्हास म्हणजे जुन्या पोर्तुगीज घरांची पेठ. तिथे जुन्या घरांतून राहायची सोय झाली आहे. लाकडी जिने, उंच पलंग, खिडकीत शिंपल्यांची तावदानं, आणि माणसं अदबीची. दुसऱ्या खेपेला आम्ही तिथेच उतरलो. गल्ल्या रात्री सामसूम होतात, म्हणून मी संध्याकाळीच बंदरापासून खोलीपर्यंत एकदा चालून पाहिलं, दिवे कुठे आहेत, कुठल्या दुकानाशी वळायचं ते. रात्री साडेदहाला ‘मी निघते हो’ म्हणून उठले. दहा मिनिटांनी मागून ह्यांच्या चपला वाजल्या.

पोरांच्या दंग्याविषयी. अलीकडे काही हॉटेलं ‘फक्त प्रौढांसाठी’ असं लिहितात. आमच्या शेजारच्या वहिनींनी ते वाचून पदर तोंडाला लावला होता! पूर्वी सिनेमाच्या पोस्टरवर तसं लिहिलेलं असायचं, त्याची आठवण झाली असणार. तसलं काही नसतं. लहान मुलांना तिथे घेत नाहीत, एवढाच अर्थ. पण वयाची अट प्रत्येक ठिकाणी वेगळी, कुठे बारा, कुठे अठरा, ती विचारा. आणि मुलं नाहीत म्हणजे शांतता आहे असं मुळीच समजू नका. किनाऱ्याकडच्या अशा हॉटेलात तरुणांची टोळकी उतरतात. फोनवर सरळ विचारा, ‘मुलांच्या ग्रुपचं बुकिंग घेता का?’ उत्तर देताना पलीकडचा माणूस अडखळला की समजून जा. मध्यम दरात, पणजी गावात, कामानिमित्त येणारी माणसं उतरतात ती साधी हॉटेलं मला जास्त शांत वाटली. पाटी नसते, पण पोरंही नसतात.

फोन करालच तर आणखी काही गोष्टी विचारा. रात्री एक-दोनला दार उघडायला माणूस असतो का? छोट्या ठिकाणी अकराला फाटक लावून घेतात. लिफ्ट आहे का? गुडघे धरलेल्या वयात जुन्या घरांचे जिने नकोत. नाश्ता किती वाजेपर्यंत? रात्री उशिरा आलेली माणसं साडेदहाला उठतात, आणि नाश्ता दहाला उचललेला असतो, पैसे मात्र भाड्यात लागलेलेच. सांगितलेल्या भाड्यात कर धरलाय का, हेही. सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्यापुढे १८. रात्रीच्या जेवणासकट भाडं मात्र घेऊ नका. जहाजाच्या तिकिटात जेवण असतंच, एका जेवणाचे दोनदा पैसे कशाला?

जहाजाविषयी हॉटेलातल्या मुलाला फार विचारू नका. त्याला ते बाहेरूनच माहीत. फेब्रुवारी २०२० पासून गोवेकरांना तिथे खेळायला जायला बंदी आहे! बाहेरच्यांनाही एकवीस वर्षं पुरी लागतात. आधार कार्ड दोघांचंही न्या, आणि कार्डावर माहेरचंच नाव असेल तर लग्नानंतरच्या नावाचं दुसरं एखादं ओळखपत्रही असू द्या, उगीच काउंटरवर खोळंबा नको.

पैशाची भीती रास्त आहे. म्हशाच्या जत्रेला जाताना आपण काय करतो? घोंगडीचे पैसे वेगळे बांधतो, आणि रिंग टाकायला मुलांच्या हातावर सुटे देतो. ते संपले की खेळ संपला. तिथेही तसंच. चाकावर १ ते ३६ आकडे, निम्मे लाल, निम्मे काळे, आणि वर एक हिरवं शून्य. लालवर पैसे लावले तर निम्मी आशा आहे असं वाटतं, पण ती ३७ मध्ये १८ एवढीच. काही चाकांवर शून्यं दोन असतात, म्हणजे आणखी कमी. त्या शून्यावरच जहाज चालतं. तिकिटाबरोबर खेळायला कुपनं देतात, ती रोख होत नाहीत, त्यांच्यावर हौस भागवावी. जास्तीची रक्कम दोघांनी आधी बोलून ठरवा. एटीएम कार्ड खोलीतल्या लॉकरमध्ये ठेवा. आणि हो, हल्ली मोबाईलमधूनही पैसे जातात, तेव्हा ह्यांचा मोबाईल रात्रीपुरता तुमच्या पर्समध्ये!

जायचं कसं, तर मुरबाडहून एसटीने कल्याण आणि तिथून लोकलने ठाणे. शहापूरकरांना आसनगावची लोकल आहेच. ठाण्याला कोकणकन्या रात्री मिळते. पणजीसाठी करमळीला उतरा. बरेचजण सवयीने मडगावपर्यंत जातात आणि तीसेक किलोमीटर उलटे येतात. गाडी सकाळी पोचते, खोली दुपारी मिळते, म्हणून सामान ठेवून घेतील का हे आधी विचारून ठेवा. तेवढ्यात जुन्या गोव्याची चर्च किंवा मंगेशीचं दर्शन होतं.

नोव्हेंबरात निघत असाल तर तारखा बघून ठरवा. चित्रपट महोत्सव २००४ पासून पणजीलाच भरतो, त्या आठवड्यात साध्या खोल्यांचेही भाव चढतात. नाताळ ते नववर्ष तर नावच काढू नका. पावसाळ्यात भाडी निम्म्यावर येतात, फक्त समुद्रात उतरता येत नाही. शनिवार-रविवार टाळून सोमवार ते गुरुवार गेलात तर खोलीही स्वस्त आणि जहाजाचं तिकीटही.

साडी चालेल का, असंही पत्रात शेवटी विचारलंय. अगदी चालते. हाफ पँट आणि स्लिपर घालून पुरुषांना आत घेत नाहीत, तेव्हा यजमानांची एक चांगली पँट आणि बूट आठवणीने बॅगेत टाका. तुम्ही मात्र उंच टाचा घालू नका. होडीतून जहाजावर चढताना पायरी हलते.