विश्लेषण : बंदुकीच्या सावलीत आदिवासींचे राजकारण का आक्रसले?

माओवाद्यांच्या पॉलिट ब्युरोचा सदस्य मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने ऑक्टोबर २०२५ मध्ये गडचिरोलीत ६० सहकाऱ्यांसह मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर शस्त्रे खाली ठेवली. त्यानंतर सुमारे महिनाभराने बस्तरचा माडवी हिडमा आंध्र प्रदेशात मारला गेला. किती ठार, किती शरण, किती उरले, या हिशेबात एक प्रश्न मागे पडला. ज्या आदिवासींच्या नावाने ही लढाई चार दशकांहून अधिक काळ चालली, त्यांच्या स्वतःच्या राजकारणाचे या काळात काय झाले?

एकाच दशकात दोन वाटा कशा?

एप्रिल १९८० मध्ये कोंडापल्ली सीतारामय्या यांनी पीपल्स वॉर गट स्थापन केला आणि त्याच वर्षी या गटाची माणसे गोदावरी-प्राणहिता ओलांडून आजच्या गडचिरोलीत शिरली. तेव्हा हा भाग चंद्रपूर जिल्ह्यातच होता. त्याच दशकात इंचमपल्ली आणि भोपालपटनम या धरणांविरोधात ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले. लाल श्यामशाह आणि बाबा आमटे त्यात होते. बुडणार होती ती प्रामुख्याने गोंड-माडियांची गावे आणि त्यांचे जंगल.

या आंदोलनातून धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गाव पुढे आले. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने गावाने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची पद्धत रुजवली. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथलीच. म्हणजे जंगलावर हक्क कोणाचा, या एकाच प्रश्नावर एक वाट दलमकडे गेली आणि दुसरी ग्रामसभेकडे. दुसरी वाट संथ होती. मेंढ्याला सामूहिक वनहक्क मिळाला तो २००९ मध्ये. त्यानंतरही बांबू हे ‘लाकूड’ की गौण वनोपज, यावर वन विभागाने घोळ घातला. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले, तेव्हा कुठे वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले.

नक्षलवाद्यांमुळे आदिवासींना काहीच मिळाले नाही का?

तसे म्हणणे खरे होणार नाही. सुरुवातीच्या वर्षांत दलमने तेंदूपत्त्याच्या पुड्याचा दर वाढवायला कंत्राटदारांना भाग पाडले. वनरक्षकांची वेठबिगारी आणि कोंबड्या-बकऱ्यांची वसुली थांबली. जुन्या पिढीला हे आठवते आणि गावांनी दलमला थारा का दिला, याचे उत्तर पुस्तकी विचारधारेपेक्षा इथे अधिक सापडते.

सरकारचे लक्षही बंदुकीमुळेच गेले. नियोजन आयोगाने नेमलेल्या डी. बंदोपाध्याय तज्ज्ञ गटाने २००८ च्या अहवालात नक्षलग्रस्त भागांतील असंतोषाचे मूळ जमीन, जंगल आणि विस्थापनात शोधले आणि १९९६ चा ‘पेसा’ कायदा कागदावरच राहिल्याबद्दल बोट दाखवले. गंमत अशी की, महाराष्ट्राने ‘पेसा’चे नियम केले ते कायद्यानंतर १८ वर्षांनी, २०१४ मध्ये. दरम्यान तेंदूपत्त्याच्या व्यवहारातून दलमने स्वतःची वसुली सुरू केली आणि ज्या कंत्राटदाराविरुद्ध लढा सुरू झाला, त्याच्याच पैशावर सशस्त्र यंत्रणा पोसली जाऊ लागली.

निवडणुकीचे दार कोणी अडवले?

माओवाद्यांचा निवडणुकांवर बहिष्कार होता. व्यवहारात त्याचा अर्थ असा की, गावातला जो माणूस सरपंच होईल, तो संशयित. पोलीस पाटील, पंचायत सदस्य, कधी शाळा शिकून आलेला तरुण यांना ‘खबऱ्या’ ठरवून मारल्याच्या घटना गडचिरोलीत दर वर्षी घडत राहिल्या. २०१२ मध्ये धमक्यांमुळे जिल्ह्यातील पंचायत प्रतिनिधींनी मोठ्या संख्येने राजीनामे दिले. नेतृत्व घडण्याची पहिली पायरीच अशी निसरडी झाली. खुद्द माओवादी पक्षातही वरच्या पदांवर तेलुगू भाषकांचेच वर्चस्व राहिले. लढणारे आणि मरणारे बहुतांश गोंड, माडिया, मुरिया. केंद्रीय समितीपर्यंत पोहोचलेला हिडमा हा बस्तरचा अपवाद.

तरीही २०१७ च्या जिल्हा परिषद निवडणुकीत ग्रामसभांनी स्वतःचे उमेदवार उभे केले. वकील असलेले लालसू नोगोटी आणि सैनू गोटा निवडून आले. बहिष्काराची हाक आणि मोठ्या पक्षांची यंत्रणा, दोन्ही बाजूला सारून मिळालेला हा विजय होता. त्याची दखल मात्र जिल्ह्याबाहेर फारशी घेतली गेली नाही.

‘नक्षल समर्थक’ हा शिक्का कसा बसतो?

बंदुकीचा सर्वांत खोल परिणाम इथे दिसतो. दलम आणि ग्रामसभा या दोघांचीही मागणी एकच असेल, म्हणजे खाण नको, तर ती मागणी करणारा निःशस्त्र माणूसही शत्रूच्या रांगेत धरला जातो. शेजारच्या बस्तरमध्ये हे टोकाला गेले. २००५ मध्ये सुरू झालेल्या सलवा जुडूमने गावेच दोन भागांत फाडली. या मोहिमेत आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी बनवून हत्यारे देणे सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०११ रोजी घटनाबाह्य ठरवले. जुडूमचे नेते महेंद्र कर्मा हे स्वतः आदिवासी. २०१३ मध्ये झीरम घाटीत माओवाद्यांनी त्यांना ठार केले. सहाव्या अनुसूचीची मागणी करणारे मनीष कुंजाम यांच्यासारखे नेते दोन्ही बाजूंना खुपत राहिले.

सारकेगुडा येथे जून २०१२ मध्ये १७ जण मारले गेले. ते माओवादी असल्याचा पुरावा नाही, असे न्यायिक आयोगाने नंतर सांगितले. बुरकापाल हल्ल्यात गोवलेले १२१ आदिवासी पाच वर्षांच्या कोठडीनंतर २०२२ मध्ये निर्दोष सुटले. पाच वर्षांत घरची शेती पडीक जाते, आणि गावात बोलणारा माणूस गप्प बसायला शिकतो. मे २०२१ मध्ये सिलगेर येथे सुरक्षा दलाच्या तळाविरोधातील जमावावर गोळीबार झाला. त्या आंदोलनातून तरुणांचा मूलवासी बचाव मंच उभा राहिला. छत्तीसगड सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यावर बंदी घातली. विकासकामे आणि सुरक्षा तळांना विरोध, हेच कारण दिले गेले.

गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यातील तोडगट्टा येथे प्रस्तावित खाणींविरोधात मार्च २०२३ पासून आठ महिने ठिय्या आंदोलन चालले. त्यामागे माओवादी असल्याचे पोलिसांचे म्हणणे होते, आंदोलकांनी ते नाकारले. नोव्हेंबरमध्ये ते मोडण्यात आले. माओवाद्यांचा यात हात नसतोच असे नाही. अशा आंदोलनांत शिरकाव करणे ही त्यांची जाहीर रणनीती होती. पण त्याची किंमत मोजावी लागली ती मांडवाखाली बसलेल्या माणसांना.

सुरजागड आणि नियमगिरी यांत फरक काय?

ओडिशातील नियमगिरीवर बॉक्साइटची खाण हवी की नको, हे ग्रामसभांना विचारा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये दिला. डोंगरिया कोंध आणि इतरांच्या १२ ग्रामसभांनी एकमुखाने ‘नको’ म्हटले आणि खाण थांबली. एवढे होऊनही केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०१६-१७ च्या वार्षिक अहवालात नियमगिरी सुरक्षा समितीचा संबंध माओवाद्यांशी जोडला गेला.

सुरजागडचा डोंगरही ठाकूरदेवाचे स्थान आहे, जानेवारीत तिथे इलाख्यातील गावांची जत्रा भरते. लोहखनिजाचा खाणपट्टा २००७ मध्ये लॉइड्स मेटल्सला मिळाला. पुढे २०१३ मध्ये माओवाद्यांनी कंपनीच्या अधिकाऱ्याची हत्या केली आणि डिसेंबर २०१६ मध्ये सुमारे ८० वाहने जाळली. काम रखडले, पण वाद मात्र वनहक्काच्या चौकटीतून निघून कायदा-सुव्यवस्थेच्या चौकटीत गेला. उत्खनन २०२१ पासून वेगाने सुरू झाले ते पोलीस बंदोबस्तात. विस्ताराची जनसुनावणी ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली ती शंभराहून अधिक किलोमीटर दूर, गडचिरोली शहरात. नियमगिरीसारखा कौल इथल्या ग्रामसभांना कधी मागितलाच गेला नाही.

आता काय बदलेल?

दलमची भीती ओसरल्यावर दुर्गम गावांत रस्ते, बस आणि मोबाइल मनोरे पोहोचत आहेत. सरपंचपदासाठी जीव धोक्यात घालावा लागणार नाही, ही लहान गोष्ट नाही. खाणीतून रोजगार मिळालेले स्थानिक तरुणही आहेत आणि गावागावांत त्यावर दोन मते आहेत. तो वाद आता उघडपणे घालता यायला हवा.

जिल्ह्यात हजारहून अधिक ग्रामसभांकडे सामूहिक वनहक्क आहेत. बांबू आणि तेंदूपत्त्याचे लिलाव करण्याचा, हिशेब ठेवण्याचा अनुभव त्यांच्यापाशी आहे. दुसरीकडे, ‘शहरी नक्षलवादा’विरोधात आणलेले जनसुरक्षा विधेयक विधिमंडळाने जुलै २०२५ मध्ये मंजूर केले. छत्तीसगडने मूलवासी बचाव मंचावर बंदी घातली ती अशाच २००५ च्या कायद्याखाली. एटापल्ली-भामरागड पट्ट्यात आणखी खाणींचे प्रस्ताव आहेत. त्यांच्या मंजुरीच्या फायलींमध्ये ग्रामसभेचा ठराव कोणत्या टप्प्यावर मागवला जातो आणि तो ‘नाही’ असा आला तर पुढे काय होते, हे येत्या काळात पाहावे लागेल. त्या वेळी ‘यामागे माओवादी आहेत’ हे उत्तर सरकारकडे उरलेले नसेल.