आजोबांचे नाव कुठे सापडेल?



मागच्या महिन्यात एका रविवारी मुंबईहून एक गृहस्थ आमच्याकडे आले. सोबत बारावी पास झालेला मुलगा. हातात प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यात रेशनकार्ड, मुलाच्या गुणपत्रिका, वडिलांचा गिरणीतला जुना पास. कारकुनी करणाऱ्या माणसाच्या दारी लोक कागद घेऊन येतातच, त्यामुळे आम्हाला नवल वाटले नाही. पण गृहस्थ म्हणाले ते मनाला लागले. "साहेब, आमचा आजा परभणी जिल्ह्यातला. गंगाखेडकडचं गोदाकाठचं गाव, एवढंच ठाऊक आहे. गावाचं नाव आईला माहीत होतं. आई गेल्या साली वारली."

बहात्तरच्या दुष्काळात हे कुटुंब गाव सोडून मुंबईला गेले. तेव्हा कुणी काही लिहून ठेवले नाही. आज मुलाच्या प्रवेशासाठी जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी हवी. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० या दिवशी आपले पूर्वज कुठे राहत होते ते पाहतात आणि दाखलाही त्याच भागाच्या अधिकाऱ्याकडून घ्यावा लागतो. म्हणून जन्म मुंबईचा असला तरी कागद शोधायला परभणीला यावे लागते.

मुलाने आम्हाला विचारले, "काका, आपण बौद्ध. मग पणजोबाची जुनी जात शोधायची कशाला?" प्रश्न रास्त आहे. १९५६ साली बाबासाहेबांच्या मागे जाऊन आपण ती जात टाकली. पण जातीमुळे झालेले नुकसान धर्म बदलल्याच्या दिवशी भरून निघत नाही, आणि बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळायला १९९० साल उजाडावे लागले. कागदावर जुनी जात दाखवायची ती मिरवण्यासाठी नाही. ज्याचे पिढ्यान्पिढ्या नुकसान झाले त्याचाच हा नातू आहे, एवढे सिद्ध करण्यासाठी दाखवायची.

आता शोधायचे कुठे? आपला परभणी जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. निजामाच्या काळातले बरेच दप्तर उर्दूत आहे आणि साल फसली आहे. फसली सालात ५९० मिळवले की आपले इंग्रजी साल येते. १३५६ फसली म्हणजे १९४६-४७. जातीच्या रकान्यात 'महार' असेलच असे नाही. निजामी कागदात कित्येक ठिकाणी 'धेड' लिहिलेले असते. वाचताना राग येतो, पण कागद टाकून देऊ नये. नावांचे तर विचारूच नका. पाटलाचे नाव पाटील लावून यायचे आणि आमच्या आजाचे नाव मात्र गण्या, कचऱ्या, धोंड्या. आडनावाचा पत्ताच नाही. पुढे मुलगा शाळेत गेला तेव्हा कुठे आडनाव लागले. एका भावाला गावावरून, दुसऱ्याला कुळावरून. सख्खे भाऊ कागदावर परके झाले.

असा शोध घेणारे जगात आपण एकटेच नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतून कितीतरी शेतकरी कुटुंबे अमेरिकेत विस्कॉन्सिन, मिसुरी, नेब्रास्का अशा भागांत खेड्यापाड्यांत जाऊन राहिली. त्यांची नातवंडे-पतवंडे आज आपले मूळ गाव शोधतात. तिथेही श्मिटचा स्मिथ झाला, म्यूलरचा मिलर झाला. चर्चच्या जुन्या वह्या ज्या वळणाच्या जर्मन अक्षरात आहेत, ते आज खुद्द जर्मन माणसालाही सहज वाचता येत नाही, जसे आपल्याला मोडी वाचता येत नाही. पहिल्या महायुद्धात जर्मनांविषयी इतका राग उसळला की १९१८ साली आयोवा राज्याच्या गव्हर्नरने चारचौघांत इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलायलाच बंदी केली. भीतीपोटी अनेकांनी घरातली भाषा सोडली आणि तिच्याबरोबर आजीच्या गोष्टीही गेल्या.

तरी त्यांच्या हाताशी जहाजावरच्या उतारूंच्या याद्या आहेत, बाप्तिस्म्याच्या नोंदी आहेत, कबरीवरचे दगड आहेत. मॉरिशसला ऊसमळ्यांवर मजुरीला गेलेल्या कोकणातल्या मराठी माणसांचीही नोंद आहे. मजुरांवर ताबा ठेवावा म्हणून इंग्रज सरकारने नाव, बापाचे नाव, गाव, जात, वय, उंची सारे लिहून घेतले. पुढे फोटोही काढले. ती दप्तरे आज तिथल्या मोका गावी महात्मा गांधी संस्थेत आहेत आणि पणतू तिथे जाऊन पणजोबाचा चेहरा पाहतो. परभणीहून मनमाडमार्गे मुंबईला उतरलेल्या आमच्या आजाचे नाव मात्र स्टेशनावर कुणी लिहून घेतले नाही. ते आपल्यालाच शोधावे लागते.

शोधाची सुरुवात कचेरीतून करू नका, घरातून करा. घरातले सर्वांत वयस्क माणूस गाठा. जन्मतारीख विचारू नका, ती त्यांना सांगता येणार नाही. "रझाकाराच्या वेळी तुम्ही केवढ्या होता?" असे विचारा. "मानमोडीच्या साथीत कोण दगावलं?" म्हटले की १९१८ साल हाती लागते. पोलीस ॲक्शन म्हणजे १९४८. बाबासाहेब गेले ते साल १९५६. बहात्तरचा दुष्काळ आणि अठ्ठ्याहत्तरची नामांतराची दंगल तर आपल्या लोकांना पाठच आहे. त्या दंगलीत ज्यांची घरे जळाली त्यांचे कागदही जळाले. त्यांच्यासाठी म्हाताऱ्यांच्या तोंडचे शब्द हेच पहिले दप्तर.

माता-भगिनींना जास्त विचारा. पुरुष जमिनीचे सांगतो, बाई सोयरिकीचे सांगते. कुणाची लेक कोणत्या गावाला दिली, कोणती सून कुठून आणली, हे आजीला जेवढे ठाऊक असते तेवढे तलाठ्याच्या दप्तरातही नसते. आमच्या समाजाच्या लेकी-सुनांची नावे सरकारी कागदात फार थोडी सापडतात. ती वहीत आपणच लिहिली पाहिजेत.

मग कागदाकडे वळा. गावच्या जुन्या शाळेचे प्रवेश रजिस्टर आधी पाहा. आजोबा शाळेत गेले नसतील तर त्यांचा भाऊ, चुलतभाऊ गेला असेल. वडिलांकडच्या रक्तनात्यातल्या माणसाचा पुरावा वंशावळीने जोडता येतो. तहसीलमध्ये १९५४-५५ चे खासरा पत्रक मागा. महारकीची जमीन असेल तर तिथे नाव येते. कोतवाल बुकात जन्ममृत्यूच्या नोंदी असतात. रेल्वेत किंवा लष्करात कुणी नोकरीला असेल तर त्याचे सेवापुस्तक पाहा. 'सापडत नाही' असे तोंडी उत्तर मिळाले तर तिथून उठून येऊ नका. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने लेखी अर्ज करा. आणि एक ध्यानात ठेवा. परतूर १९८१ पासून जालना जिल्ह्यात आहे. हिंगोली, वसमत, कळमनुरी १९९९ पासून हिंगोलीत आहेत. जुन्या कागदावर मात्र ही सारी गावे परभणीचीच लिहिलेली सापडतील.

शाळेच्या रजिस्टरातल्या एका ओळीची किंमत काय असते? ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर असे एका मुलाचे नाव नोंदले गेले. अनुक्रमांक १९१४. ते रजिस्टर जपून ठेवले म्हणून आज आपण ती ओळ पाहू शकतो. मूळ आडनाव सकपाळ, गाव आंबडवे, त्यावरून पुढचे आडनाव. बाबासाहेबांच्या घराण्यातही नावाचा असाच प्रवास झाला.

आलेल्या पाहुण्यांचे पुढे काय झाले ते सांगतो. आईच्या माहेरच्यांना फोन करकरून दोन दिवसांत गावाचे नाव कळले. आम्ही त्यांच्यासोबत गेलो. बौद्धवाड्यात नव्वदीतली एक चुलत आत्या भेटली. मुलाच्या तोंडावरून हात फिरवून ती म्हणाली, "तुझ्या पणज्याला घरी दगडू म्हणायचे, पर त्याच्या धाकल्या भावाला मास्तरनं शाळंत घातलं तवा नाव बदलून लिवलं." ते बदललेले नाव तिने सांगितले. शाळेतले जुने रजिस्टर उर्दूत होते. परभणीतल्या एका निवृत्त मुस्लिम गुरुजींनी चष्मा पुसून ते ओळीओळीने वाचले. एक पैसा घेतला नाही. १३५६ फसलीच्या पानावर नाव निघाले. बापाचे नाव, गाव, जात, सारे जुळले. गृहस्थ त्या पानाकडे बघतच राहिले. मुलाने खिशातला रुमाल काढून बापाला दिला.

अर्ज दाखल झाला आहे, निकाल यायचा आहे. पण आत्या वर्षभर आधी गेल्या असत्या, तर ते पान तिथेच असूनही कुणाला सापडले नसते.

म्हणून समाजबांधवांना कळकळीची विनंती आहे. या आठवड्यात एक शंभर पानी वही आणा. पहिल्या पानावर घरातल्या सर्वांत वयस्क माणसाचे नाव, त्यांचे आई-वडील, आजा-आजी आणि गाव लिहा. घरी हाक मारायचे नाव वेगळे, कागदावरचे वेगळे, दोन्ही लिहा. गाव कधी सोडले आणि का सोडले तेही लिहा. महारकीचे काम पहिल्यांदा कुणी नाकारले, कोण पहिल्यांदा शाळेत गेले, धम्मदीक्षेला घरातून कोण गेले, हेही लिहा. दाखल्यासाठी दोन ओळी पुरतील. बाकीची वही लेकरांसाठी ठेवा.

लिहायचे काम शाळेत जाणाऱ्या मुलीला द्या. आजी सांगेल, नात लिहील. पण आजी आहे तोवर लिहा.

जयभीम.