जुन्या फडाला जुनंच मागा

साखर कारखान्यांचा हंगाम उरकत आला, की नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात, बारामती-इंदापूरच्या गावोगावी, यात्रा कमिटीच्या बैठका सुरू होतात. पाडव्याच्या सुमारास कमिटीची माणसं नारायणगावला जातात, तमाशा फडांच्या राहुट्या हिंडतात आणि सुपारी ठरवून येतात. पैसा गावच्या वर्गणीचा, त्यामुळे यात्रेतला तमाशा सगळ्यांना फुकट. साठी ओलांडलेला माणूस यंदा कोणाचा फड येणार, हे आवर्जून विचारतो. मिसरूड फुटायच्या वयात रात्र जागून पाहिलेली माणसं त्याला पुन्हा बघायची असतात.

ही ओढ जगभर आहे. रोलिंग स्टोन्स हा इंग्लिश रॉक बँड 1962 मध्ये उभा राहिला, 2003 मध्ये मुंबईत वाजवून गेला, आणि मिक जॅगर ऐंशीचा झाला तरी 2024 मध्ये अमेरिकेचा दौरा करत होता. त्यांचा श्रोता भारी तिकीट काढून जुनीच गाणी मागतो. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. मंगला बनसोडे या विठाबाई नारायणगावकरांच्या कन्या, रघुवीर खेडकर हे कांताबाई सातारकरांचे चिरंजीव. आईच्या मांडवात घडलेले हे कलावंत. अशांच्या फडांपुढेही पुढच्या रांगेतली पोरं चालू सिनेमाची गाणी मागतात. पुढच्या सालची सुपारी त्यावर असते, म्हणून फडाला ती द्यावीच लागतात. गण-गवळण घाईत उरकते, बतावणी आखडते. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करण्याचा नियम आहे. सरकार सूट देतं, ती वर्षातल्या मोजक्या दिवसांपुरती. पूर्वी पहाटेपर्यंत चालणारा वग त्यात सुरू होण्याआधीच संपतो.

वय झालेल्या कलावंताचा पाय पूर्वीसारखा उडत नाही, आवाज वरच्या पट्टीत फाटतो. हे मान्यच करावं. पण बतावणीत मुरलेला सोंगाड्या बघा. तो सरपंचाचं नाव घेतो, गावच्या ओढ्यावरच्या पुलाची चौकशी करतो आणि गप्प राहतो. मांडवातलं हसू मागून पुढं येऊन ओसरेपर्यंत तो पुढचं वाक्य टाकत नाही. ढोलकीवालाही त्याच्या तोंडाकडे बघत हात आवरून बसलेला असतो. ही समज चाळीस वर्षं मांडव पाहिल्याशिवाय येत नाही, आणि ती कुठे लिहूनही ठेवलेली नाही. वगाच्या संहिता थोड्याफार सापडतील. त्या बोलायच्या कशा, हे या माणसांबरोबरच जाईल.

विठाबाई 2002 मध्ये गेल्या. त्यांचे अखेरचे दिवस हलाखीत गेले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. कांताबाई 2021 मध्ये गेल्या, तेव्हा करोनामुळे सलग दोन हंगामांच्या यात्रा बंद होत्या आणि फडमालक कर्जात होते. विठाबाईंच्या नावाने पुरस्कार देणं योग्यच, पण त्याने गावातला मांडव भरत नाही.

म्हणून यात्रा कमिट्यांना आमचं सांगणं आहे. सुपारी देतानाच वगाचं नाव ठरवून घ्या आणि खेळ संध्याकाळी सातला उभा करा. सिनेमाची गाणी शेवटी ठेवा, वेळ उरला तर होतील. आणि ज्यांनी तरुणपणी हे फड पाहिलेत, त्यांनी घरी बसून हळहळू नये. नातवंडांना घेऊन पुढच्या रांगेत बसावं आणि वगाची फर्माईश मोठ्याने करावी.