पाटी कोरी करण्याआधी

फोन अडखळू लागला, आतली जागा भरली, की जळगावच्या गोलाणी मार्केटपासून घरातल्या नातवापर्यंत सगळ्यांकडे एकच रामबाण उपाय असतो : "रिसेट मारा, नव्यासारखा होईल." उपाय खोटा नाही. 'फॅक्टरी रिसेट' केला की फोन कारखान्यातून निघाला तेव्हा होता तसा कोरा होतो. माझा आक्षेप उपायाला नाही, घाईला आहे.

अलीकडच्या फोनमध्ये माहिती सांकेतिक रूपात, जणू कुलपात ठेवलेली असते. रिसेट करताना त्या कुलपाची किल्लीच नष्ट होते. म्हणून फोन विकण्यापूर्वी तो करणे शहाणपणाचे. आणि म्हणूनच मागाहून "तेवढे फोटो काढून द्या हो" ही विनवणी व्यर्थ! शिवाय २०१५ च्या अँड्रॉइड ५.१ पासून चोरांना आळा घालणारी एक सोय आली. बटणे दाबून बाहेरून रिसेट केलेला फोन पुन्हा आधीचेच गूगल खाते विचारतो. पासवर्ड आठवत नसेल तर हाती उरते ती नुसती वीट.

निदान आपल्या जिल्ह्याला तरी हे वेगळे सांगायला नको. आसोद्याच्या लेकीला, बहिणाबाई चौधरींना, लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी मनात आणि ओठांवर होती. मुलगा सोपानदेव व घरच्यांनी ती कागदावर उतरवली, म्हणूनच बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्यावरही १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्यांचे पुस्तक निघू शकले. आज इथल्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. वेळेवर कोणी उतरवून घेतले, एवढ्यावर हे सारे उभे आहे.

आज आजीची अहिराणी गाणी, गेलेल्या माणसाचा आवाज, लग्नातले फोटो हे सारे फोनमध्ये असते, आणि पुष्कळदा फक्त तिथेच. अशा वेळी आजोबांना न विचारता त्यांचा फोन परस्पर 'साफ' करणे म्हणजे त्यांची ट्रंक न उघडताच भंगारात देणे होय. आपल्याला जो कचरा वाटतो, तो त्यांचा ठेवा असू शकतो.

तेव्हा एक रविवार काढा. ज्याचा फोन त्याच्याजवळ बसा, काय ठेवायचे ते विचारा. ते संगणकावर आणि पेनड्राइव्हवर उतरवा, उघडते का ते पाहा. नंबर वहीत लिहा, पासवर्डही नीट जपून ठेवा. मग खुशाल पाटी पुसा. यंत्राला नवे होता येते. माणसाला मात्र जुन्याच्या आधारानेच पुढे जाता येते.