बदलून मिळतो, म्हणून चालतो?

विजेचा दिवा विकत घेताना आपल्याकडे काय घडते ते नीट पाहा. दुकानदार दिवा होल्डरला लावून पेटवून दाखवतो, पेनने त्यावर तारीख टाकतो आणि म्हणतो, ‘गेला तर आणा, बदलून देतो.’ बिल कोणी मागत नाही, कोणी देतही नाही. खोक्यावरचे वॅट तेवढे वाचले जातात. प्रकाश किती हे सांगणारे ल्युमेन, मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक, ताऱ्यांचे लेबल, उत्पादकाचा पत्ता यांकडे कोणाचीही नजर जात नाही. दिवा लागला, की आपले समाधान झाले!

पण दिवा लागणे ही त्याची परीक्षा नव्हे. तो खरोखर किती वीज घेतो, दर वॅटमागे किती प्रकाश देतो, दाब वाढल्यावर आतले सर्किट तगेल का, हाताला शॉक तर बसणार नाही ना, हे डोळ्यांना दिसत नाही. ते दिसत नाही म्हणूनच कायदा झाला. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ सालचा. घरगुती एलईडी दिव्यांना मानक ब्युरोकडील नोंदणी सक्तीची आहे, आणि १ जानेवारी २०१८ पासून ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारांकित लेबलही. वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता हवा, हे वैधमापनाचे नियम सांगतात. नियमांची वाण नाही. ते पाळण्याची आणि पाळायला लावण्याची इच्छा आपल्यात नाही.

२०१७ साली दिवे-उत्पादकांच्या ‘एल्कोमा’ या संघटनेसाठी नील्सनने मुंबई, दिल्ली, अहमदाबाद आणि हैदराबाद येथील २०० दुकानांची पाहणी केली. एलईडी बल्बच्या ७६ टक्के ब्रँडांनी सुरक्षेचे नियम पाळलेले नव्हते. पाहणी करवून घेणाऱ्यांचा यात स्वतःचा व्यापारी हितसंबंध होता, हे मान्य. पण तो आकडा वाचून आपल्यापैकी कितींनी घरातल्या दिव्याचे खोके उलटून पाहिले?

या बेपर्वाईची किंमत गरीब भरतो. जुना साठ वॅटचा पिवळा दिवा रोज सहा तास जळला, तर वर्षाला सुमारे १३१ युनिटे खातो. नऊ वॅटचा एलईडी सुमारे २०. ही बचत मोलाची आहे, पण खोक्यावरचे वचन खरे असेल तरच. खोटा दिवा पुष्कळदा एकदम जात नाही, महिन्यामहिन्याने मंदावत जातो. तो ‘गेला’ नाही म्हणून दुकानदार बदलून देत नाही, आणि एका खोलीच्या घरातले मूल त्याच मिणमिणत्या उजेडात वही डोळ्यांशी धरून अभ्यास करते. ही चोरी आहे. रोज संध्याकाळी, बटण दाबताच होणारी चोरी!

जाब विचारला, की प्रत्येकाजवळ उत्तर तयार असते. दुकानदार म्हणतो, गिऱ्हाईकच स्वस्त मागते. गिऱ्हाईक म्हणते, सरकारचे लक्ष नाही. अधिकारी म्हणतात, तक्रारच आलेली नाही. आणि शिकलेले आपण? सोसायटीच्या जिन्यातले दिवे बिनबिलाचे आणतो आणि कमिटी ‘पैसे वाचवले’ म्हणून पाठ थोपटून घेते. गावाच्या रस्त्यावरचे दिवे सर्वांत कमी दराच्या निविदेवर घेतले जातात, आणि पावसाळ्यानंतर रस्ता काळोखात गेला तरी निविदेची फाइल कोणी उघडत नाही. अशिक्षिताला लेबल वाचता येत नाही, हे समजू शकते. आपल्याला वाचता येते आणि तरी आपण वाचत नाही, याला अज्ञान म्हणत नाहीत.

लेबलाविना माल विकणाऱ्याला दहा लाख रुपयांपर्यंत दंड करण्याची तरतूद कायद्यात आहे. तपासणी अधिकारी नेमण्याचा अधिकार राज्याला आहे, आणि महाराष्ट्रात या कामासाठी ‘महाऊर्जा’ ही यंत्रणा आहे. आपल्या तालुक्याच्या बाजारपेठेतले दिवे शेवटचे कधी तपासले, नापास किती ठरले, दंड कोणाला झाला, हे तिने दर तीन महिन्यांनी जाहीर करावे. पण मागणाराच नसेल तर ती देईल कशाला? बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, ती संघटित ग्राहकापुढे बाजाराला झुकावे लागते या विश्वासावर. त्याच महाराष्ट्राचा ग्राहक आज पेनने टाकलेल्या तारखेवर खूश आहे.

म्हणून पुढचा दिवा घेताना बिल मागा. नोंदणी क्रमांक मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर तिथेच, दुकानदारासमोर तपासा. खोटा निघाला तर नुसता बदलून घेऊ नका. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, कारण तुम्ही परत केलेला दिवा उद्या तुमच्याहून गरीब माणसाच्या घरी जाणार आहे. ग्रामसभेत आणि सोसायटीच्या सभेत दिव्यांची बिले व नोंदणी क्रमांक मांडायला लावा. एवढेही करायचे नसेल, तर आपण फसवले गेलो असे म्हणण्याचा अधिकार सोडून द्या. कारण मग आपण त्या फसवणुकीतले भागीदार आहोत.